रोमनेस्क वास्तुशैली आणि हेमाडपंती मंदिरे : नाव व कालनिर्णय

युरोपात सुमारे १००० ते १२०० या काळात बहरलेल्या वास्तुशैलीस ‘रोमनेस्क’ हे नाव एकोणिसाव्या शतकात मिळाले. जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी व अर्धनळीसारखी दगडी छते ही तिची प्रमुख वैशिष्ट्ये होत. तिच्यावर रोमन परंपरेइतकाच बायझंटाइन परंपरेचाही प्रभाव होता. नावातून मात्र केवळ रोमच सूचित होतो.

यवतमाळ जिल्ह्यातील लोहारा येथील कमलेश्वर मंदिर ज्या हेमाडपंती शैलीत गणले जाते, तिच्यात कमानीऐवजी स्तंभ व तुळया छत पेलतात आणि दगड चुन्याविना रचलेले असतात. हे नावही असेच अपुरे आहे. हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. परंतु हेमाडपंती म्हणून ओळखले जाणारे अंबरनाथचे मंदिर १०६० मधील आहे. म्हणून जिल्ह्यातील मंदिरांचा काळ नावावरून न ठरविता रचना व शिलालेख यांवरूनच निश्चित केला पाहिजे.