आजोबांची बंदूक ऑनलाइन विकायला काढण्याआधी

मंडळी, खंडेनवमीला आमच्या कोल्हापुरात जुन्या घरांतली शस्त्रं पूजेला बाहेर निघतात. तलवार, दांडपट्टा, एखाद्या घरी ठासणीची बंदूक. हल्ली पूजा झाली की फोटो निघतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "दादा, हिचे ऑनलाइन किती येतील?" पत्रकार म्हटल्यावर मलाही बरेच जण विचारतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

आधी थोडा इतिहास. बंदुकीला परवाना लागतो, हे आज साधं वाटतं. पण त्यामागे रक्त सांडलंय. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या पलटणीनं उठाव केला. जेकब साहेबानं ती पलटण निःशस्त्र केली. त्याच वर्षी कंपनी सरकारनं लोकांची हत्यारं काढून घेण्याचा कायदा आणला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी नोव्हेंबरात हत्यारं द्यायला नकार दिला. गाव जाळलं गेलं, माणसं फासावर गेली. मे १८५८ मध्ये नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले. त्यांचा दत्तक नामंजूर झाला होता, पण हत्यारं काढून घेण्याचा रागही होताच. पुढे १८७८ ला लिटनचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, गोऱ्याला सूट!

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. गोरा-काळा भेद गेला, परवाना राहिला.

आता मुद्द्याचं. परवानाधारक वारला म्हणजे बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. वारसाला स्वतःच्या नावानं परवाना मागता येतो, नाहीतर ज्याला बाळगायचा हक्क आहे अशाला ती विकून पैसे घेता येतात. स्वतःची परवान्याची बंदूक दुसऱ्याला विकायची तरी आधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. फोनवरच्या अनोळखी गिऱ्हाइकाचा परवाना तुम्ही कसा तपासणार? अमेरिकेत अशा बंदुकांचे ऑनलाइन लिलाव होतात, पण तिथंही परराज्यातल्या गिऱ्हाइकाला ती सहसा परवानाधारक दुकानदारामार्फत मिळते.

"आमची तर जुनाट, गंजलेली आहे," असं कुणी म्हणेल. दुरुस्त करूनही जिच्यातून बार निघणार नाही, अशी पुराणी बंदूक शस्त्र कायद्यातून सुटते. पण तसं आहे की नाही, हे घरबसल्या आपण ठरवायचं नाही. शिवाय १०० वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. ती खाजगी माणसानं परदेशी पाठवणं हा गुन्हा आहे.

हे सगळं कशासाठी? नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार बघा. एप्रिल २०२५ मध्ये ती लंडनच्या लिलावात निघाली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटीत गेली असावी, असा अंदाज आहे. महाराष्ट्र सरकारला ती मध्यस्थामार्फत घ्यावी लागली, खर्च सुमारे ४७ लाख रुपये. तिच्यावर रघुजींचं नाव देवनागरीत कोरलेलं होतं, म्हणून ती ओळखता तरी आली. आपल्या आजोबांच्या बंदुकीवर कुणाचं नाव आहे? तिची गोष्ट फक्त घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. ती एकदा कुरियरच्या खोक्यात गेली की उरतं नुसतं लोखंड आणि लाकूड.

तेव्हा विकायचीच असेल तर रीतसर विका. त्याआधी म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा: कुणाची, कुठल्या गावची, कशी आली. परवान्याचा जुना कागद सोबत जपा. आणि जमलंच तर टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन विचारा. त्यांनी ठेवून घेतली तर नातवंडांना ती इथंच, कोल्हापुरात बघता येईल.

तेव्हा सायबानं बळजबरीनं नेली. आता आपण होऊन घालवायची का?

पटलं तर पुढं पाठवा. तुमच्या घरच्या शस्त्राची गोष्ट खाली लिहा. फोटो मात्र टाकू नका.