ढाल आणि करंडक

क्रीडास्पर्धांत विजेता ठरविण्याच्या दोन रीती जगभर रूढ आहेत. एका रीतींत प्रत्येक संघानें इतर सर्वांशीं खेळावयाचें आणि अखेरीस ज्याचे गुण अधिक तो श्रेष्ठ ठरावयाचा. दुसरींत हरला तो बाहेर पडला व शेवटपर्यंत टिकला तो विजयी झाला. पहिली रीत सातत्याची परीक्षा घेते, दुसरी ऐन वेळच्या धैर्याची. यांपैकीं खरा विजेता कोणता, हा वाद जुनाच आहे. परंतु अंधेरीच्या मैदानाला घर मानणाऱ्या मुंबई सिटी या फुटबॉल संघाच्या २०२२-२३ च्या हंगामानें तो जितक्या स्पष्टपणें पुढें मांडला, तितका क्वचितच मांडला गेला असेल.

मुंबईकरांचें फुटबॉलप्रेम मुळांत बाद पद्धतीच्या स्पर्धांवर पोसलें गेलें. सिमल्यास १८८८ सालीं ड्युरँड स्पर्धा सुरू झाली व पुढें थोड्याच वर्षांत मुंबईंत रोव्हर्स करंडक आला. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें गोऱ्या पलटणींची मक्तेदारी मोडून तो जिंकला. त्या काळीं मोठा फुटबॉल म्हणजे कूपरेजचें मैदान; सामना पाहावयाचा तर उपनगरांतल्या रसिकाला आगगाडीनें शहर गांठावें लागे. २०१४ सालीं इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि २०१६ पासून मुंबई सिटीचे सामने अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलांत होऊं लागले, तेव्हां हा प्रवास उलट्या दिशेनें होऊं लागला. मैदान लहान, सुमारें सात हजार प्रेक्षकांचें. पण उपनगराला स्वतःचा संघ मिळाला.

या लीगमध्यें दोन मान आहेत. साखळींत अग्रस्थानीं राहील त्याला ढाल. नंतरच्या बाद फेरींत जिंकेल त्याला करंडक. २०२०-२१ सालीं मुंबईनें दोन्हीं मिळविले होते. परंतु करोनाच्या सांथीमुळें तो सारा हंगाम गोव्यांत, प्रेक्षकांवांचून पार पडला. अंधेरीच्या लोकांनीं आपल्या संघाचा पराक्रम केवळ पडद्यावर पाहिला. म्हणून २०२२ च्या शरद ऋतूंत सामने पुन्हां गांवोगांवच्या मैदानांवर परतले, तेव्हां अपेक्षा मोठी होती.

आरंभ पराभवानें झाला. ता. १८ सप्टेंबर २०२२ रोजीं कलकत्त्यास ड्युरँडच्या अंतिम सामन्यांत बंगळुरूनें मुंबईला २-१ नें हरविलें. साखळी सुरू झाली आणि चित्र पालटलें. इंग्रज मार्गदर्शक डेस बकिंगहॅम यांचा संघ लागोपाठ १८ सामने अजिंक्य राहिला. मिझोरमचा लालियानझुआला छांगते व मणिपूरचा बिपिन सिंग हे दोन्हीं कडांनीं धांवत. बचावाच्या फळींत मुंबईचाच राहुल भेके उभा असे. ता. ११ फेब्रुवारी २०२३ रोजीं गोव्याला त्याच्याच फातोर्ड्याच्या मैदानावर ५-३ नें हरवून, दोन सामने शिल्लक असतांच, मुंबईनें ढाल जिंकली. २० सामन्यांत ४६ गुण व ५४ गोल ही तिची अखेरची कमाई होती.

परंतु करंडकाचा न्याय निराळा. ता. ७ मार्च रोजीं अंधेरींत उपांत्य फेरीचा पहिला सामना झाला आणि सुनील छेत्रीच्या एकमेव गोलानें बंगळुरूनें तो जिंकला. पांच दिवसांनीं बंगळुरूंत मुंबईनें २-१ नें फेड केली. एकूण गोल समान झाले, पेनल्टींवर पाळी आली आणि ९-८ अशा फरकानें मुंबई बाहेर पडली. पांच महिन्यांची आघाडी कांहीं मिनिटांत निरुपयोगी ठरली. करंडक शेवटीं मोहन बागाननें नेला. एप्रिलमधील सुपर कपांतही मुंबईला गटाबाहेर जातां आलें नाहीं.

मग हा हंगाम यशाचा कीं अपयशाचा? आशियाच्या फुटबॉल संघटनेपुढें ढालीचें मोल अधिक ठरलें. ढालीमुळेंच मुंबईला जमशेदपूरशीं निर्णायक सामना खेळतां आला, आणि ता. ४ एप्रिल रोजीं तो ३-१ नें जिंकून संघ आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्यें पोंचला. मात्र ज्या अंधेरीनें हें यश पाहिलें, तिच्या वांट्याला ते सामने आले नाहींत. ते पुण्यास व नव्या मुंबईंत खेळविले गेले, आणि मुंबईनें सहाही गमावले.

वादाचें उत्तर पुढच्याच वर्षीं मिळावयाचें होतें. ता. १५ एप्रिल २०२४ रोजीं साखळीच्या शेवटच्या सामन्यांत मोहन बागाननें कलकत्त्यास २-१ नें जिंकून ढाल मुंबईच्या हातून काढून घेतली, आणि ता. ४ मे रोजीं त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याला ३-१ नें हरवून मुंबईनें करंडक घेतला. एका वर्षीं जें सातत्यानें कमावलें तें धैर्याच्या कसोटीनें हिरावलें, दुसऱ्या वर्षीं त्याच कसोटीनें तें परत दिलें. दोन्हीं परीक्षा खऱ्या. दोहोंत एकाच वेळीं उतरणें मात्र दुर्मिळ. तें ज्या वर्षीं साधलें, त्या वर्षीं टाळ्या वाजविण्यास मैदानांत कोणीच नव्हतें, ही अंधेरीच्या प्रेक्षकांची रुखरुख कोणत्याही तक्त्यांत नोंदलेली नाहीं.