युरोपचा अग्निबाण

इंग्लंडने ‘ब्लू स्ट्रीक’ नावाचे क्षेपणास्त्र बांधावयास घेतले, ते अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी. १९६० च्या एप्रिलमध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. झालेला खर्च वाया जाऊ नये म्हणून त्याच क्षेपणास्त्रावर उपग्रह चढवावे, अशी टूम निघाली. तेव्हा युरोपच्या या संयुक्त अग्निबाणाचा जन्मच मुळी शस्त्रागारात झाला, हे आपण प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

१९६२ साली करार झाला. पहिला टप्पा इंग्रजांचा, दुसरा फ्रेंचांचा, तिसरा जर्मनांचा. वाटण्या झालेल्या भावांनी एकच मोट हाकावी, तसा हा प्रकार! इंग्रजांचा टप्पा चोख चाले; बिघडत ते वरचे. १९७१ च्या नोव्हेंबरात फ्रेंच गयानातील कुरू येथून सोडलेला अग्निबाणही कोसळला. एकही उपग्रह कक्षेत पोचला नाही.

इकडे फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनी ‘सिंफनी’ हा दळणवळणाचा उपग्रह सिद्ध केला होता. तो अमेरिकेच्या अग्निबाणावरून न्यावयाचा, तर अट अशी पडली की, त्याचा उपयोग प्रयोगापुरताच करावा, व्यापारासाठी नव्हे. अट मानावी लागली. १९७४ च्या डिसेंबरात उपग्रह वर गेला. (भारतानेही १९७७ ते १९७९ या काळात सिंफनीवरून दूरसंचाराचे प्रयोग केले, तेवढा आपलाही त्याच्याशी ऋणानुबंध.) परंतु ती अट फ्रेंचांच्या जिव्हारी लागली होती. त्यांच्या पुढाकाराने ‘आरियान’ उभा राहिला व २४ डिसेंबर १९७९ रोजी यशस्वी झाला.

१९७५ च्या युरोपीय अंतराळ संस्थेच्या करारात ‘केवळ शांततामय हेतूंसाठी’ असे शब्द आहेत. शांततामय म्हणजे शस्त्रास्त्रांशी संबंधच नसलेले, की केवळ अनाक्रमक, याचा उलगडा त्यात नाही. ही संदिग्धता पुढे फार उपयोगी पडली, असे आम्हांस वाटते.

कारण ‘गॅलिलिओ’. अमेरिकेची जीपीएस ही दिशादर्शक योजना तिच्या लष्कराच्या ताब्यातली. मे २००० पर्यंत नागरी लोकांस तिचा संदेश मुद्दाम कमी अचूक मिळे. युरोपने स्वतःची मुलकी योजना मांडताच, डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेचे उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी युरोपीय संरक्षणमंत्र्यांस चिंतेचे पत्र धाडले. दोन्ही संदेश एकाच वारंवारतेवर आले, तर युद्धात शत्रूचा तेवढा अडवावा कसा? मुलकी योजनेवर संरक्षणमंत्र्यांस पत्र जाते, यातच तिचे खरे स्वरूप उघड झाले. जून २००४ मध्ये तडजोड झाली. युरोपने वारंवारतेबाबत नमते घेतले. सरकारी यंत्रणांसाठीचा सांकेतिक संदेश मात्र सोडला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये गॅलिलिओची सेवा सुरू झाली.

२०२२ साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि कुरूहून उडणारे रशियन सोयूझ अग्निबाण बंद झाले. आरियान-५ चे शेवटचे उड्डाण जुलै २०२३ मध्ये झाले. आरियान-६ चे पहिले, जुलै २०२४ मध्ये. मधल्या खोळंब्यामुळे २०२४ च्या एप्रिलमध्ये, आणि पुन्हा सप्टेंबरात, गॅलिलिओचे उपग्रह फ्लॉरिडाहून अमेरिकन फाल्कनवर बसून गेले. त्यांत गुप्त यंत्रणा होती. म्हणून तिच्या रक्षणासाठी अमेरिकेशी वेगळा करार करावा लागला.