भात्याचा वारा आणि लोखंडाची भुकटी

महाबळेश्वरास हवा पालटण्यासाठीं जाणाऱ्या मंडळींस तेथील तांबड्या मातीचे डाग परिचित असतात. तो तांबडेपणा लोखंडाचा आहे, आणि हें लोखंड दगडांतून काढणारे धावड नांवाचे कारागीर एके काळीं याच डोंगरांत राहत असत, याची आठवण मात्र फारशी कोणास उरलेली नाहीं.

त्यांची रीत थोडक्यांत अशी. लोहयुक्त दगड फोडून ते लांकडी कोळशासह मातीच्या भट्टींत घालावयाचे आणि भात्यानें वारा देत राहावयाचें. वाऱ्यानें कोळसा जळे, आणि त्यापासून निघणारा वायु दगडांतील प्राणवायु हिरावून घेई. शुद्ध लोखंड वितळण्यास सुमारें १५३८ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. तेवढी त्या भट्टींत नसे. म्हणून लोखंड सच्छिद्र गोळ्याच्या रूपानें हातीं येई, व घणाचे घाव घालून त्यांतील मळी काढावी लागे.

१८८५ सालीं सातारा जिल्ह्याचें गॅझेटिअर प्रसिद्ध झालें, तोंवर हा धंदा संपुष्टांत आला होता. सरकारी जंगलाच्या निर्बंधांमुळें कोळसा मिळेना, आणि स्वस्त विलायती लोखंड बाजारांत आलें. विद्या अपुरी पडली नाहीं. तिचें सरपण तुटलें. जंगल राखणें अवश्य होतें, हें मान्य. परंतु त्याची किंमत कोणी दिली, हेंहि इतिहासानें नोंदविलें पाहिजे.

पुढें १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं त्या वेळच्या औंध संस्थानांत, आजच्या सांगली जिल्ह्यांत, किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगर ओतूं लागले. येथें कर्बयुक्त बीड वितळे. कर्बामुळें त्यास सुमारें ११५० अंशच पुरतात. मात्र कच्चें लोखंड बाहेरून येई. पहिल्या महायुद्धांत त्याची टंचाई झाली, तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं नांगरांसाठीं जुन्या तोफा दिल्या. कौशल्य जागेवर होतें. अडलें तें पुन्हां मालावांचूनच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जर्मनींत वाऱ्याकडून निराळेंच काम घेण्यांत आलें. वितळलेल्या बिडाच्या धारेवर दाबलेल्या हवेचा झोत सोडून तिचे कण करीत. हवेंतील प्राणवायु कणांवर बसे. पुढें ते तापविले कीं हा प्राणवायु व लोखंडांतील कर्ब एकमेकांस घेऊन निघून जात, आणि मऊ लोखंडाची भुकटी उरे. आतां मूल्यवान धातूंसाठीं हवेऐवजीं नत्रवायु किंवा आर्गॉन वापरतात. हे वायु धातूस गंजवीत नाहींत. धार फोडून तिचे थेंब करतात, आणि ते उंच मनोऱ्यांतून खालीं पडतां पडतां गोल होऊन थिजतात. असे कण बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनहि बारीक असतात. त्यांचे थर लेसर किरणांनीं सांधून विमानाचे भाग साच्यावांचून घडवितां येतात.

धावडांचा वारा जाळीत होता, हा वारा फोडतो. अंतर मोठें आहे. तरीहि वारा किती, कोठून आणि कोणत्या क्षणीं द्यावयाचा, हें जाणणें दोहोंकडे धंद्याचें मर्म होय. म्हणून धावडांस अडाणी म्हणण्यापूर्वीं आपण विचार करावा. नव्या विद्येसहि वायु, वीज आणि धातु नियमानें मिळाले तरच ती टिकेल. नुसती हुशारी कोणत्याहि भट्टीस पुरत नाहीं, हाच महाबळेश्वरच्या विझलेल्या भट्ट्यांचा धडा आहे.