तळटीप १४ : कुरोकी तोमोको

१४. कुरोकी तोमोको : 'वातामोते' या जपानी विनोदी अॅनिमे मालिकेची नायिका. मूळ चित्रकथा (मांगा) 'निको तानिगावा' या टोपणनावाने काम करणाऱ्या जोडीची. तिचे प्रकाशन २०११ मध्ये सुरू झाले. 'सिल्व्हर लिंक' या संस्थेने काढलेली १२ भागांची मालिका जुलै ते सप्टेंबर २०१३ या काळात प्रसारित झाली. दिग्दर्शक शिन ओनुमा. जपानातील हायस्कूल तीन वर्षांचे असते, वयाने साधारण आपल्या दहावी ते बारावीइतके. प्रेमकथांच्या व्हिडिओ गेममध्ये असंख्य तरुणांची मने जिंकलेली तोमोको हायस्कुलात आपण आपोआप लोकप्रिय होऊ या खात्रीने येते. प्रत्यक्षात दोन महिने उलटले तरी वर्गात तिचे कुणाशी धड बोलणे झालेले नसते. घरी धाकट्या भावापुढे तिची जीभ थांबत नाही, बाहेर मात्र आवाज घशातच राहतो.

लेखिकेने येथे उल्लेखिलेली 'सोंगातली मिठी' शाळेच्या सांस्कृतिक महोत्सवाच्या भागात येते. एकट्याच फिरणाऱ्या तोमोकोला प्राण्याचे सोंग घेतलेले कुणीतरी जवळ घेते. आत वरच्या वर्गातली इमाए मेगुमी असते, हे प्रेक्षकाला कळते, तोमोकोला नाही. मालिकेत तिची फजिती पुष्कळ आहे, पण या प्रसंगात तिला कुणीही हसत नाही, आणि लेखिकेचा रोख त्यावरच आहे. परिच्छेदातील 'मेगुमी' म्हणजे हीच.