पुळणीवरची गस्त

रत्नागिरी जिल्ह्याचा सुमारे १६७ किलोमीटरांचा किनारा नकाशावर एकसंध दिसत असला, तरी तो पायी चालून जाण्याचा संकल्प करणाऱ्यास पहिल्याच दोन दिवसांत असे कळून चुकते की, हा किनारा म्हणजे एक रस्ता नसून सावित्री, भारजा, जोग, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी अशा नद्यांच्या खाड्यांनी तोडलेले पुळणींचे आणि कड्यांचे तुकडे आहेत, आणि एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यास जुन्या काळी तरीवाल्याच्या मर्जीवाचून दुसरा इलाज नव्हता. तरीचा मक्ता ज्याच्याकडे, त्याच्या सोयीने वाटसरूची वेळ ठरे. भरती-ओहोटीचे गणित चुकले की धक्क्यावरच्या झापाखाली मुक्काम पडे. पावसाळ्यात गलबते आणि आगबोटी बंद झाल्या म्हणजे उरले ते घाट, आणि घाट म्हणजे पाय. या मुलखात चालणे हा पराक्रम समजला गेला नाही याचे कारण एवढेच की, तो करण्यावाचून कोणाचीच सुटका नव्हती.

गोविंद हरी आणि वामन चिंतामण अशी नावे धारण करणाऱ्या शेकडो मुलांनी विद्येसाठी हे घाट तुडवले. त्यांतील एकाची हकीकत तेवढी छापील झाली. दापोली तालुक्यातील मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेला बसण्याकरिता, समुद्रमार्ग सोईचा नाही असे पाहून, सह्याद्री ओलांडून शंभरावर मैल चालत साताऱ्यास गेले आणि वय सतरा भरलेले असूनही चेहऱ्यावरून लहान दिसतात या कारणास्तव तेथील परीक्षामंडळाने त्यांना परत धाडले. ही गोष्ट शाळांतून चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि सांगणाऱ्यांचे लक्ष बहुधा निराशेवर असते. मला मात्र तिच्यातील पुढचा धागा अधिक महत्त्वाचा वाटतो. याच गृहस्थांनी पुढे गावकऱ्यांच्या मिळकतीतून थोडाथोडा हिस्सा गोळा करून ‘मुरुड फंड’ उभा केला, हिंगण्याच्या माळावरील आश्रम व फर्ग्युसन कॉलेज यांमधले अंतर वर्षानुवर्षे पायी तोडले, आणि १९३६ साली, वयाची पंचाहत्तरी केव्हाच उलटून गेल्यावर, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन करून त्याच्या वर्गणीकरिता पुण्याच्या गल्ल्यांतून दारोदार फिरण्यास सुरुवात केली. दार वाजवणारा म्हातारा चालत आला आहे, त्याच्या वहीत पै-पैचा हिशेब आहे आणि उद्या तो पुन्हा याच दारावरून जाणार आहे, ही देणाऱ्याच्या मनातील खात्री हीच त्या वर्गणीची खरी सनद होती.

अशी खात्री कोकणास नवी नव्हती. फाल्गुनात ग्रामदेवतेची पालखी घरोघर निघते. तिच्या आगेमागे संकासूर, गोमू ही सोंगे आणि खेळे एका गावाहून दुसऱ्या गावास चालत जातात आणि पोस्त मागतात. पोस्त देणारा भीक घालीत नसतो आणि मागणारा याचना करीत नसतो. आलेल्या पायांचा तो मान असतो, आणि नाही म्हणणाऱ्या घराचे नाव वर्षभर गावात निघत राहते. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने हीच रीत देशकार्याला जोडली. माणशी एक पैसा असा तो फंड, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आज ज्याला ‘निधी-संकलन’ असे भारदस्त नाव आहे, त्याचे हे घरगुती पूर्वज होत.

परदेशात १९६० नंतरच्या दशकात जी नवी प्रथा रूढ झाली तिची मांडणी निराळी. मी अमुक मैल चालेन, तुम्ही मैलामागे अमुक द्या, असा तो करार. चालणारा कोठे चालतो याला त्यात महत्त्व नाही, कारण विकले जाते ते अंतर. मुंबईत २००४ पासून भरणाऱ्या मॅरेथॉनमध्ये अनेक जण संस्थांसाठी धावतात ते याच धर्तीवर, आणि त्यातून सामाजिक संस्थांना मोठ्या रकमा मिळतात हे नाकारण्याचे कारण नाही. वन्य प्राण्यांच्या सुटकेसाठी, जखमी पक्ष्यांच्या शुश्रूषेसाठी, असे चालण्याचे संकल्प आता सर्वत्र सोडले जातात. ते चांगलेच आहे. परंतु प्राण्यांच्या रक्षणाकरिता चालणे आणि त्या रक्षणाचा खर्च भागणे या दोन्ही गोष्टींची सांगड रत्नागिरी जिल्ह्यात ज्या रीतीने पडली, तिच्यात अंतर विकण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. तेथे चालणे हेच काम होते आणि पैसा त्या कामाच्या पाठोपाठ आला.

हे घडले मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे, जो १७५५ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला आणि ज्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव दिले. त्याच्या दक्षिणेस, नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून बखरींच्या वाचकांस ठाऊक असलेले वेळास वसले आहे. पेशवाईचा सगळा जमाखर्च ज्याच्या दफ्तरात होता त्या पुरुषाच्या गावाला पुढे दोनशे वर्षांनी पुन्हा नाव मिळाले ते एका सरपटणाऱ्या जीवामुळे, हा योग इतिहासाने मुद्दाम जुळवून आणलेला नसावा, पण तो मनोरंजक खराच.

चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था १९९२ मध्ये स्थापन झाली. भाऊ काटदरे हे तिचे प्रवर्तक. संस्थेचे कार्यकर्ते किनाऱ्यावरील समुद्री गरुडांच्या घरट्यांची गणना करीत हिंडत. या पक्ष्यांची या भागातील नोंद फार जुनी आहे, कारण कंपनी सरकार गेल्यानंतरच्या अमदानीत रत्नागिरीस नोकरीवर असलेल्या विडाल नामक मुलकी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी १८८० मध्येच प्रसिद्ध केली होती. गरुडांच्या मागावर २००२ साली वेळासला पोचलेल्या या मंडळींच्या नजरेस वाळूत पडलेली कासवाच्या अंड्यांची टरफले आली, आणि चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी हिवाळ्यात येथे रात्री अंडी घालण्यास येतात, आणि ती अंडी गावातले लोक खणून काढतात, खातात आणि विकतातही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात हा प्राणी होता, म्हणजे कायद्याने त्याला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण होते. पण दिल्लीत मंजूर झालेला कायदा मंडणगडच्या पुळणीपर्यंत चालत येण्यास तीस वर्षे लागली.

येथे एक गोष्ट थोडी थांबून पाहण्याजोगी आहे. कासवीण पाण्यातून वर येते तेव्हा तिच्या पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांचे ठसे वाळूवर आळीपाळीने, एकाआड एक, उमटत जातात आणि मधोमध पोटाची ओढ राहते. भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत ती मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असा घडा खणते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून तो बुजवते, आणि आपल्या कवचाचे दोन्ही अंगांनी दणके देऊन ती वाळू चोपून बसवते. मग आजूबाजूला वाळू उधळून जागा अशी विस्कटून टाकते की, अनभिज्ञ मनुष्यास घरटे नेमके कोठे आहे ते उमजू नये. ठसा वर आला आणि घरटे न करताच परत गेला, की वर आला आणि काम उरकून गेला, हे ओळखणे. मग काठीने हळूच टोचून कोठली वाळू घट्ट आणि कोठली पोकळ हे हाताला जाणवणे. ही विद्या पुस्तकात नव्हती. ती होती अंडी काढणाऱ्यांपाशी. संस्थेने ग्रामपंचायतीस विश्वासात घेऊन गावातीलच माणसे कासवमित्र म्हणून नेमली, तेव्हा वस्तुतः चोरीच्या वहिवाटीतून आलेले कसब रखवालीच्या नोकरीत रुजू करून घेतले. जंगलखात्याचा शिपाई बाहेरून आणून बसवला असता तर गस्त झाली असती, घरटी सापडली नसती.

कासवमित्राचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. आधी पोचेल त्याचे घरटे, हा पुळणीचा न्याय आहे. कोल्हा, कुत्रे, रानडुक्कर आणि माणूस हे चौघेही त्याच ठशावरून चाललेले असतात. घरटे सापडले की अंडी न उलटता, न हिंदकळता, काही तासांच्या आत हलवावी लागतात, कारण अंड्यातील गर्भ एका बाजूला चिकटू लागला की उलटापालट त्याला सोसत नाही. कुंपण घातलेल्या हॅचरीत मूळ घरट्याच्याच खोलीचा आणि आकाराचा खड्डा करून ती पुरतात आणि तारखेची पाटी लावतात. पन्नासएक दिवसांनी त्यावर टोपली पालथी घालतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहायचे, आणि पिल्ले वर आली असतील तर ती भरतीरेषेजवळ सोडायची. ती हाताने पाण्यात टाकायची नाहीत, त्यांनी स्वतः चालतच गेले पाहिजे. पहिल्या हंगामात, २००२-०३ मध्ये, वेळासला ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्ले समुद्रात गेली.

प्रश्न पैशाचा होता. रखवालदारास मेहनताना हवा, जाळी आणि बांबू हवेत, आणि ज्या घरास अंडी विकून चार पैसे मिळत त्या घरास ते न मिळण्याचा मोबदलाही कोठून तरी मिळाला पाहिजे. नुसत्या उपदेशावर पोट भरत नाही हे कोकणच्या माणसाला सांगावे लागत नाही. २००६ पासून ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. पुण्या-मुंबईची मंडळी येऊ लागली, गावातल्या घरांतूनच उतरू लागली, पडवीत पंगती बसू लागल्या, आणि मोदक, सोलकढी, घावन यांचा मोबदला रोखीने मिळू लागला. अंड्यापेक्षा पिल्लू किफायतशीर ठरले, एवढाच या अर्थशास्त्राचा मथितार्थ आहे, आणि तो ज्यांना फार रोकडा वाटत असेल त्यांनी एखाद्या घरात चूल सांभाळणाऱ्या बाईंना विचारून पाहावे. गर्दीचे दोषही आहेतच. पिल्ले दिसली नाहीत म्हणून हिरमुसलेले, आपण तिकीट काढून आलो आहोत अशा थाटात कासवमित्राशी हुज्जत घालणारे, आणि तिन्हीसांजा उलटल्यावरही वाळूवर विजेऱ्या पाजळणारे पाहुणे मी पाहिले आहेत. उजेडाने पिल्लांची दिशाभूल होते हे त्यांना सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

वेळासची रीत पुढे आंजर्ले, केळशी, कोळथरे, मुरुड, गुहागर, गावखडी अशी दक्षिणेकडे पसरली, वनखात्याने ती आपलीशी केली, आणि खात्याच्या कांदळवन कक्षामुळे, जो २०१२ मध्ये स्थापन झाला, तिला सरकारी तरतुदीचे बळ आले. कर्व्यांच्या मुरुडच्या पुळणीवर आता हंगामात पहाटेची फेरी असते, हे त्या चालणाऱ्या म्हाताऱ्यास आवडले असते असे मानण्यास हरकत नसावी. कोळ्यांचा प्रश्न मात्र वेगळा. जाळ्यात अडकलेले कासव सोडवायचे तर जाळे कापावे लागते, आणि जाळे हे कोळ्याचे शेत आहे. डिसेंबर २०१८ मध्ये शासनाने संरक्षित सागरी जीव जाळे कापून सोडणाऱ्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना काढली. सोडलेल्या जिवाचे छायाचित्र जोडून अर्ज करावयाचा. दफ्तरी कामास वेळ लागतो हे खरे, पण नुकसान कोणाचे आणि भरून कोणी द्यायचे हा न्याय त्यात प्रथमच कागदावर आला, ही गोष्ट लहान नव्हे.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवण्यात आले आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले. पाठोपाठ आंजर्ले आणि गुहागर येथेही असेच झाले. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात उतरली, तेव्हा पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांची कासवे परस्परांस अपरिचित असावीत हा समज डळमळला. दोन्ही किनाऱ्यांच्या या नात्याचा दुसरा पुरावा उलट दिशेने आला, आणि तो यंत्राने दिलेला नव्हता. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने जिच्या पायाला धातूचा साधा बिल्ला ठोकला होता, ती कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना आढळली. मधले अंतर साडेतीन हजार किलोमीटरांच्या घरात जाते. बिल्ल्यावरचा आकडा वाचता आला याचे कारण असे की, त्या रात्री त्या पुळणीवर गस्तीचा माणूस हजर होता. तो आकडा उपग्रहास दिसत नाही, आणि मैलामागे पैसे लावून दुसरीकडे कोठेही चाललेल्या माणसाला तो कधीच दिसला नसता.