तपकिरीचे कौतुक

अठराव्या शतकातल्या फ्रेंच फर्निचरवरच्या मार्केट्रीची, म्हणजे लाकडी जडावचित्रांची, स्तुती ठरलेल्या शब्दांत होते: मधाळ, संयत, लाकडाच्या मूळ छटांशी इमान राखणारी. या तपकिरीतच त्या काळची अभिरुची दिसते, असा एकूण सूर. माझ्या मते ही करामत अभिरुचीची कमी आणि उन्हाची जास्त आहे.

आंद्रे-जाकोब रुबो हा स्वतः हाडाचा सुतार. त्याच्या सुतारकामावरच्या ग्रंथाचा मार्केट्रीचा भाग १७७४ मध्ये निघाला. त्यात लाकूड रंगवण्याच्या कृतीच दिल्या आहेत. निळीचे सल्फ्युरिक आम्लातले द्रावण निळ्यासाठी, बार्बेरी (आपल्या दारुहळदीची बहीण) पिवळ्यासाठी, ब्राझीलवूड लाल रंगासाठी. हिरवा हवा तर निळ्यावर पिवळा. रंग वरवर फासायचा नाही, पापुद्र्यात आरपार मुरवायचा. तपकिरीवर समाधान मानणारा माणूस हा खटाटोप कशाला करील?

यावर प्रतिपक्ष म्हणतो की असले रंग सामान्य कारागिरांसाठी. बड्यांना परदेशी लाकडे पुरत होती. पण ती लाकडे तरी तपकिरी कुठे होती? अमरांथ ताजेपणी जांभळे, ट्यूलिपवूड गुलाबी पट्ट्यांचे. शिवाय बड्यांचा दाखला हवाच असेल तर झाँ-फ्राँस्वा ओबेनने १७६० मध्ये सुरू केलेले आणि रीझनरने १७६९ मध्ये पुरे केलेले व्हर्सायचे राजमेज घ्या. त्या दोघांच्या कामात रंगवलेले लाकूड सर्रास आढळते. डेव्हिड रॉन्टगेन तर छायेसाठीही निरनिराळ्या रंगांचे बारीक तुकडे जोडी.

आणि निर्णायक साक्ष फर्निचरच देते. दुरुस्तीत निघालेला तुकडा उलटा करावा, तर प्रकाश न लागलेल्या पाठीवर हिरवा-निळा टिकून असतो. मिटलेल्या कप्प्यांतही पुष्कळदा तेच.

एक गोष्ट मान्य: गरम वाळूत कडा करपवून आणलेली छाया तपकिरीच असे. पण तिच्या शेजारी हिरवे पान होते, म्हणून तिला उठाव होता. पुढच्या दुरुस्तीकारांनी पृष्ठ तासले, तेव्हा गडद लुकणाने भरलेल्या बारीक कोरीव रेषाही ठिकठिकाणी गेल्या. म्हणजे रंगाबरोबर रेखाटनही घटले, आणि उरलेल्या धूसरपणाला आपण संयम म्हणतो.

जुने रंग पुन्हा चढवा, असे माझे म्हणणे नाही. मूळ तुकड्यांवर नवा हात फिरवणे हा दुसरा अपराध होईल. रंगीत प्रतिकृती शेजारी ठेवावी आणि संग्रहालयातल्या फलकावरचे ‘संयत’ खोडावे.